मयालीच्या मधोमध

शालिग्राम मेहत्रे आमच्या कोकिळेला पाहायला आले, तेव्हा त्यांनी कोकिळेला पाहिलंच नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, पोह्यांच्या बश्या माझ्याच हातात होत्या. कोकिळा डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आली, नमस्कार करून पाटावर बसली, आणि हा भला माणूस मान वर करून छताकडे टक लावून बसलेला. मी बशी अगदी नाकासमोर धरली तरी खाली पाहीना.

कोकिळा माझी नणंद, नारायणरावांची धाकटी लेक. मी त्यांची सून सिंधू. अमडापूरला आमचा भाजीपाल्याचा मळा. घरात सासरे, सासूबाई सरस्वतीबाई, माझे मालक निवृत्ती, कोकिळा, मी आणि माझ्या कडेवर माणिक. तेव्हा तो जेमतेम मान धरायला लागला होता. महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते आणि जिल्हा परिषद तर त्याहूनही नवी. तिच्यात शालिग्राम नुकते ओव्हरसिअर म्हणून लागले होते. लोक 'ओरशेर' म्हणायचे. शाळांच्या खोल्या आणि रस्त्यांवरच्या मोऱ्या बांधून घ्यायच्या, हे त्यांचं काम. मूळचे जानेफळचे, आमच्यासारख्याच मळेवाल्या घरातले. दिसायला उंच, नाकीडोळी नीटस, फक्त मान सदा वर.

दाराआडून सासूबाई मला कुजबुजल्या, "पोट्ट्याची मान लचकली काय वं?"

शेवटी कोकिळेलाच राहवलं नाही. पाहायला आलेल्यांपुढे मुलीनं विचारलं तेवढंच बोलायचं असतं, पण आमची कोकिळा कधी कोणाच्या धाकात राहिली नाही. तिनं सरळ विचारलं, "वर काय हाय?"

"मयाल वाकली हाय," शालिग्राम म्हणाले. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जी मोठी तुळई टाकतात, जिच्यावर धाब्याचं सगळं सपाट मातीचं छत बसतं, तिला आमच्याकडे मयाल म्हणतात.

"वाकली तं वाकली. खाली खांब हाय ना."

"हाव. म्हनूनच तं उभी हाय."

एवढाच त्यांचा पहिला संवाद. त्यात प्रेमाचं अक्षर नव्हतं. पण पाव्हणे गेल्यावर कोकिळा चुलीपाशी बसून पोट धरून हसली. म्हणाली, "वयनी, मयालीकडं एवढं जीव लावून पायते, तं बायकोकडं कसं पायीन!" मी तेव्हाच ओळखलं की पोरीचं मन बसलं.

सासऱ्यांनाही मुलगा पसंत पडला, सुपारी फुटली. पुढे जाण्याआधी मान वर का असायची ते सांगून टाकते, नाही तर वाचणाऱ्याला वाटेल माणूस तऱ्हेवाईक होता. शालिग्राम लहान असताना जानेफळला त्यांच्या गोठ्याची मयाल एका पावसाळ्यात मोडली आणि खाली बांधलेली गाय गेली. तिचं दूध पिऊन ते मोठे झाले होते. का मोडली, म्हणून त्यांनी बापाला विचारलं, सुताराला विचारलं, दिसेल त्याला विचारलं. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, तिचा वखत आला होता. या उत्तरानं त्यांचं समाधान झालं नाही. पुढे अमरावतीला जाऊन शिकले, तिथे त्यांना कळलं की मयाल का मोडते याचा हिशेब असतो आणि तो आधी करता येतो. "वयनी, मी वर्गात रडलो," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. "मास्तर म्हने काय झालं, मी म्हनलं काही नाही, आमची गाय आठवली."

तर सुपारी फुटली आणि सासऱ्यांनी नवं घर काढलं. जुन्या घराच्या ओसरीत मधोमध खांब. पंगत बसली की वाढणारा त्याला हमखास धडकायचा. माझ्या लग्नात तर वरणाची बादली त्या खांबावरच गेली होती. सासऱ्यांनी ठरवलं, कोकिळेचं लग्न नव्या ओसरीत होईल आणि त्या ओसरीत खांब नसेल. चिखलीपर्यंत कोणाच्या घरी नाही अशी मोकळी ओसरी. मग मयाल किती जाड पाहिजे, हे विचारायला घरचाच ओरशेर होणार होता. त्याला बोलावणं गेलं.

शालिग्राम सायकलवरून आले. जुन्या ओसरीत उकिडवे बसले आणि सारवलेल्या जमिनीवर खडूनं मयाल काढली. आम्ही सगळे भोवती. लग्न ठरलेल्या मुलीनं समोर येऊ नये म्हणून कोकिळा दाराच्या आत, पण मान बाहेर.

"वर माती पडते, तं मयाल वाकते," ते म्हणाले. "वाकली की वरचं अंग दाबल्या जाते, खालचं अंग ओढल्या जाते. आता हे दाब न् ओढ सगळीकडं सारखी नसते. पाहा." मग त्यांनी मयालीच्या पोटात बाण काढले. वरच्या कडेला लांबलचक, त्याखाली आखूड, त्याखाली आणखी आखूड. मग उलट दिशेनं आखूड बाण, त्याखाली लांब, आणि अगदी तळाशी पुन्हा लांबलचक. बाणांची टोकं जोडली तर डमरू दिसू लागला.

"लाकूड मोडते ते ओढीनं," त्यांनी तळाच्या बाणावर बोट ठेवलं. "न् सगळ्यात जास्त ओढ इथं. लांबीच्या मधात, खालच्या अंगाले."

"खरं कायवरून?" आतून आवाज आला. एवढ्यावर न थांबता कोकिळा पाटीतलं एक मऊ पडलेलं गाजर घेऊन बाहेरच आली. दोन्ही हातांनी वाकवलं. वाकलं, मोडलं नाही. मग तिनं खालच्या अंगाला विळ्यानं नुसती चीर दिली आणि पुन्हा वाकवलं. तिथंच कटकन मोडलं.

शालिग्राम तिच्याकडे पाहतच राहिले. हे पहिलं पाहणं, असं मी धरते. मयालीची जाडी त्यांनी अंगठा आणि वितीनं आमच्या मोतीराम सुताराला समजावून दिली, खामगावच्या वखारीतून सागवान आलं, आणि भिंती उठल्या. कोकिळेनं ते मोडकं गाजर भाजीत टाकलं, वाया घालवलं नाही.

आता खरी भानगड सांगते. नारायणरावांच्या घराण्यात एक रीत होती. नव्या घराची मयाल चढवायच्या आधी तिच्यात खोबण पाडायची, घरातल्या लेकीनं त्यात मूठभर दाणे घालायचे, ज्वारी, तूर, मूग, तीळ, जवस, जे घरचं असेल ते. मग मयाल चढवायची आणि खोबणीच्या बरोबर खाली खांब उभा करायचा. खांबाचं डोकं खोबणीवर झाकणासारखं बसायचं, दाणे घर असेतोवर आत. लेक सासरी गेली तरी तिच्या हातचे दाणे माहेरच्या माथ्यावर राहतात, अशी भावना. मला ही रीत फार आवडायची. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं, आमच्याकडे मयालीला हळदकुंकू लावलं की संपलं.

माघातला मुहूर्त निघाला, दुपार टळायच्या आत मयाल चढवायची. भावकी जमली. मयाल अंगणात दोन ओंडक्यांवर आडवी, झेंडूच्या माळा घालून. खालचं अंग सध्या वर केलेलं, कारण खोबण तिथंच पाडायची. शालिग्राम त्या दिवसांत धामणगाव बढ्याला शाळेच्या कामावर होते. एस.टी. उशिरा आल्यामुळे ते फाट्यावरून चालत, घामाघूम होऊन पोचले. तोवर मोतीरामनं खोबणीची खूण करून पटाशी टेकवली होती. खोबण चांगली नारळाच्या वाटीएवढी, आणि जागा लांबीच्या बरोबर मधे, खालच्या अंगाला. जिथं डमरूचा सगळ्यात लांब बाण होता तिथं.

शालिग्राम फाटकातूनच ओरडले, "थांबा! थांबा हो! इथं खोदाल तं मोडीन! सांगतो ना, मोडीन!"

पुण्याकडचा कोणी असता तर 'मोडेल' म्हणाला असता आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण आमच्या वऱ्हाडात 'मी मोडीन' आणि 'ते मोडीन' एकच. शालिग्राम मयालीबद्दल बोलत होते. सासूबाई स्वयंपाकाच्या छपरात होत्या, त्यांच्या कानावर फक्त शेवटचं आलं, "सांगतो ना, मोडीन!" त्यांच्या हातातलं दाण्यांचं सूप तिथंच कलंडलं. "अवं माय, पोट्टा सोयरीक मोडून राह्यला!"

सासरे दारात पाव्हण्यांना टोप्या देत होते. त्यांनीही तेवढंच ऐकलं. ताडताड आत आले. "काय मोडता पाव्हणे? सोयरीक मोडता?"

शालिग्राम मयालीवर ओणवे झाले होते, खुणेवरून बोट फिरवत होते. त्यांना 'मोडता' एवढंच ऐकू गेलं. मान वर न करता म्हणाले, "हाव ना! घाव घातला तं मोडनारच!"

मी माणिकला कडेवर घेऊन मधे पडले, निवृत्ती मधे पडले, मोतीरामनं पटाशी खाली ठेवून खूण दाखवली आणि शेवटी सगळ्यांना कळलं की पाव्हणे मयालीबद्दल बोलत होते, सोयरिकीबद्दल नाही. तिथं हसून सोडून द्यायचं की नाही? पण पुरुषमाणसं एकदा तापली की थंड व्हायला कारण लागतं, आणि कारण कोणी दिलं नाही.

"आमच्या तीन पिढ्यांनी इथंच खोबण पाडली," सासरे म्हणाले. "काहीच झालं नाही. तुमाले बरं कळलं!"

"त्या तिन्ही मयालींच्या खाली खांब होता मामाजी. खांबावर मयाल टेकली की तिथली ओढ वर जाते, खाली दाब येते. दाबाले खोबण चालते. इथं तुमी खांब काढला. ओढ खाली आली."

हे त्यांनी अगदी नीट, आदरानं सांगितलं. सासऱ्यांना कळलंही असावं, कारण त्यांनी एकदा खुणेकडे वाकून पाहिलं. पण भावकी ऐकत होती. म्हणाले, "मयालीत दाणे पडल्याबिगर माही पोरगी या घरातून जात नाही. आमची रीत हाय ते."

"न् मयालीले खालून खोबण पाडली तं मी या छताखाली उभा राहत नाही," शालिग्राम म्हणाले. "माह्यासाठी नाही म्हनत. खाली पंगत बसीन, पंगतीत लेकरं असतीन. वर धाब्यावर बाया बसतीन लगन पाहाले."

"मंग नका राहू उभे."

झालं. शालिग्राम फटकन वळले आणि मागच्या दारानं मळ्यातल्या विहिरीकडे गेले. सासरे ओट्यावर बसले. दोघंही खरं बोलत होते, हेच वाईट होतं. एकाला लेकीचे दाणे हवे होते, दुसऱ्याला कोणाची गाय मरायला नको होती. आणि मधे कोकिळा, हळद लागायच्या आत लग्न मोडायची वेळ आलेली. मी तिच्याकडे पाहिलं तर ती रडत नव्हती. खाली सांडलेले दाणे सुपात भरत होती आणि ओठ हलत होते.

"काय पुटपुटते वं?" मी विचारलं.

"डमरू," ती म्हणाली आणि उठून मागच्या दाराकडे चालू लागली. एकटी पोर कशी पाठवायची, म्हणून मी चहाचा पेला घेतला, माणिकला काखेत मारलं आणि मागे निघाले.

शालिग्राम विहिरीच्या थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडापाशी, बसून कोळशानं दगडावर आकडे मांडत होते. खोबण पाडली तर उरलेल्या लाकडाला किती ओढ पडेल, हे पुन्हा पुन्हा काढत होते. दर वेळी उत्तर तेच. मला त्यांची दया आली. त्यांना 'पाडा खोबण' म्हणायचंच होतं, आकडे म्हणू देत नव्हते.

कोकिळा समोर उभी राहिली. "त्या दिवशी तुमी डमरू काढला होता."

"हाव."

"वर रुंद, खाली रुंद, मधात बारीक."

"हाव."

"मधात त्याची कंबर हाय, तिथं बाणच नव्हता. मी पाह्यलं होतं. तिथं काय असते?"

"तिथं काही नसते," शालिग्राम सवयीनं म्हणाले. "वरून दाब कमी कमी होत येते, खालून ओढ कमी कमी होत येते, न् मधात दोन्ही..." एवढं बोलून ते थांबले. कोळसा हातातून पडला.

"मंग तिथं भोक पाडलं तं?"

तो माणूस इतक्या जोरात उठला की माझ्या हातातला चहा माझ्याच लुगड्यावर सांडला. "टोकाकडं भोक असतं तं खालून भिंत न् वरून ओझं कातरीसारखं कापते, ते वेगळंच लचांड. पण लांबीच्या मधात ते बी नसते! अख्ख्या मयालीत आरामाची जागा एकच, न् ते अगदी मधोमध!" आणि मग, माझ्यादेखत, त्यांनी कोकिळेकडे असं पाहिलं की मला माणिकच्या तोंडाकडे पाहावं लागलं.

आम्ही तिघं, म्हणजे माणिक धरून चौघं, अंगणात परतलो. शालिग्राम थेट सासूबाईंपुढे जाऊन बसले. "मामी, तुमच्या सासूबाईनं तुमाले नेमकं काय सांगतलं होतं? शब्दाले शब्द सांगा."

सासूबाई अजून डोळे पुसत होत्या. "काय सांगतीन? मयालीच्या मधोमध, मूठभर दाणे, लेकीच्या हातानं."

"खालून, असं म्हनल्या होत्या?"

सासूबाईंनी आठवून पाहिलं. "खालून नाही म्हनल्या. खांब खालून येते, म्हनून खोबण खालून. त्या मधोमधच म्हनल्या."

"मंग झालं की! लांबीच्या बी मधोमध न् उंचीच्या बी मधोमध. आजवर आपण अर्धंच मधोमध करत होतो!"

मोतीरामनं डोकं खाजवलं आणि हसला. म्हणाला, गिरमिटानं बाजूनं भोक पाडतो, अंगठ्याएवढं, पोटापर्यंत, मग तोंडाशी सागवानाची खुंटी ठोकतो. शालिग्रामनी 'चालते' म्हटलं. सासरे ओट्यावरून सगळं ऐकत होते, पण आले नाहीत. त्यांनी तिथूनच नवीन खोड काढली. "मूठभर म्हंजे मूठभर. अंगठ्याएवढ्या भोकात मूठ कशी मावीन?"

खरंच होतं ते. सगळे पुन्हा एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. तेवढ्यात माणिकनं, माझ्या कडेवरूनच, सुपात हात घातला. हातात आलं ते घट्ट धरलं आणि तोंडात घालायला निघाला. कोकिळेनं त्याचा हात अलगद धरला, मूठ उघडली. आत ज्वारीचे दोनचार दाणे, एक तुरीचा, आणि तीळ चिकटलेले.

"बाबा, मूठ कोणाची, ते कोणी सांगतलं काय?" ती म्हणाली.

सासऱ्यांच्या मिशा हलल्या. मला वाटलं ओरडतील. पण ते फसकन हसले, आणि अंगणातली सगळी भावकी हसली, आणि सासूबाई एकीकडे हसत, एकीकडे आणखीच रडू लागल्या. भोक पाडलं. माणिकच्या मुठीतले दाणे आत्याच्या हातावर, आत्याच्या हातून मयालीच्या पोटात. खुंटी ठोकली, हळद लावली. मुहूर्त टळायच्या आत मयाल भिंतींवर चढली.

पण सासऱ्यांच्या मनातून गेलं नव्हतं. मंगल कामात 'मोडीन' शब्द उच्चारला गेला होता, आणि आता मयालीला भोकही होतं. फळ्या टाकून वर माती चढवायचा दिवस आला तेव्हा ते शालिग्रामना म्हणाले, "आता तुमीच सांगा पाव्हणे. हे मोडीन का?"

शालिग्रामनी मयालीच्या मधोमध दोरी बांधून ओळंबा सोडला, अगदी खालच्या फरशीच्या जवळ. मग खिशातून एक चिंचोका काढला. "आता ओळंब्याखाली हा उभा मावते. पाहा." मावला. "माती चढली की मयाल थोडी वाकीन. वाकलीच पाहिजे, वाकत नाही ते लाकूडच नाही. मंग हा उभा मावनार नाही, पण आडवा मावीन. आडवा बी नाही मावला तं मी चुकलो, न् तुमी सोयरीक मोडा."

एवढं बोलून त्यांनी मयालीखाली घोंगडी अंथरली आणि बसले. घोंगडीवर, ओळंब्याला पाठ लावल्यासारखे. वर माती पडायला लागली. माती चढत असताना खाली कोणी थांबत नाही, हा साधा नियम, पण हे गृहस्थ बसून शेंगदाणे खात होते. अख्खी आळी दारात गोळा झाली. सासरे वर स्वतः माती तुडवत होते, आणि अंगानं चांगले भारी, आणि मला शंका आहे की त्या दिवशी गरजेपेक्षा जास्त जोरात तुडवत होते. फळ्यांमधून धूळ झरझर खाली येत होती.

मग कोकिळा आत गेली आणि घोंगडीवर बसली. अगदी शेजारी नव्हे, मधे एका माणसाची जागा सोडून. सासूबाई ओरडल्या, "इकडं ये वं भवाने, लगन नाही झालं अजून!" ती म्हणाली, "माहे दाणे हायेत वर. मी बसते." शालिग्रामनी शेंगदाण्यांचा पुडा मधल्या जागेत ठेवला. दोघंही त्यातले खाऊ लागले.

माती चढली, चोपून झाली, पाणी मारलं. सासरे शिडीवरून उतरले. गुडघाभर चिखल, कपाळावर धूळ. तसेच ओळंब्यापाशी खाली वाकले. चिंचोका उभा धरून सरकवला. मावला नाही. आडवा केला आणि सरकवला. गेला. अगदी टेकून, पण गेला. त्यांनी तो पुन्हा बाहेर काढला, पुन्हा उभा घालून पाहिला, पुन्हा आडवा. मग दोघांच्या मधल्या जागेत, शेंगदाण्यांच्या टरफलांवरच धपकन बसले आणि म्हणाले, "सिंधू, चहा ठेव वं. सगळ्याईले."

पुढचं आयुष्य सांगायचं तर शालिग्राम मेहत्र्यांनी मोताळ्यापासून मेहकरपर्यंत इतक्या शाळा बांधल्या की त्यांनी बांधलेल्या वर्गात बसलेली पोरं आता म्हातारी झाली आहेत. साहेब झाले नाहीत, त्याचं त्यांना काही वाटलंही नाही. कोणाच्याही घरी गेले की आधी वर पाहायचे, मग यजमानाकडे. लोकांनीही सवय करून घेतली होती, ओरशेर येणार म्हटलं की बाया जमीन सारवायच्या आधी छताची जाळी काढायच्या. आणि कुठेही मयालीला भोक पाडायचं असलं, पाळण्याच्या कडीसाठी म्हणा की झुंबरासाठी, तर गावातले सुतार विचारायचे, "डमरूच्या कमरेत ना?" तो शब्द कोकिळेचा, पण श्रेय त्यांनाच मिळायचं. ते मात्र दर वेळी सांगायचे की हे बायकोनं सांगितलं.

पण मला शेवटी सांगायचं आहे ते लग्नाच्या दिवसाचं. वैशाखात, त्याच ओसरीत लग्न लागलं. खांब नाही, त्यामुळे वरणाच्या बादल्या घेऊन वाढपी पळत होते आणि कोणाला धडकत नव्हते. वर धाब्यावर बाया-पोरं दाटीवाटीनं बसलेली. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि नवरदेव मान वर करून मयालीकडे पाहत होता. अंतरपाट सरला तरी खाली पाहीना. शेवटी कोकिळेनं हार धरलेल्या हातानं त्याच्या पोटात ढोसलं. अख्खा मांडव हसला.

संध्याकाळी पाठवणीची बैलगाडी दारात लागली. सासूबाईंनी रडून घेतलं, मी रडले, माणिक आम्ही रडतो म्हणून रडला. सासरे रडणाऱ्यांतले नव्हते. ते ओसरीत मयालीखाली उभे होते. शालिग्राम पाया पडायला गेले तेव्हा त्यांनी त्यांचे दोन्ही खांदे धरले. जावयाला बाप काय सांगतो, पोर लाडाची आहे, चुकलं तर पदरात घ्या, असं काहीतरी. मी तेच ऐकायला कान दिला होता.

सासऱ्यांनी एकदा वर मयालीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाव्हणे, तुमच्या हिशेबात ते एक जागा हाय. जिथं दाब बी नाही, न् ओढ बी नाही. माह्या पोरीले तिथं ठेवजा."

शालिग्रामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं, आणि मान खाली गेली. कामाशिवाय त्यांची मान खाली गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. गाडीपाशी उभ्या असलेल्या कोकिळेनं सगळं ऐकलं होतं. पदरानं नाक पुसत ती तिथूनच म्हणाली, "बाबा, ठेवाले मी काय दाणे हाओ? माही मी बसीन. त्याईलेच बसजा म्हना शेजारी."